बाबाच्या छत्रीचा निकाल

प्रिय भिंगरी,

बाबाची जुनी छत्री अजून उडी मारायच्या लायकीची आहे का, हो की नाही एवढंच सांग, असं तू फोनवर म्हणालीस. बाई गं, एवढी वर्षं मी पॅराशूट तपासायचंच काम करते. हो की नाही एवढ्यावर भागलं असतं तर मला पगार कोणी दिला असता? तेव्हा चहा घेऊन बस. निकाल मिळेल, पण माझ्या पद्धतीने.

मी टाळाटाळ करतेय असं तुला वाटत होतं. करतच होते. दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या आठवड्यात बाबाने ती छत्री घडी घालून पिशवीत भरली होती, पुढच्या रविवारी उडायचं म्हणून. तो रविवार काही आला नाही. तेव्हापासून पिशवी कपाटात, अंधारात, कोरड्या जागी, आणि मी तिला बोटसुद्धा लावलं नाही. दुसऱ्या कोणाचं सामान असतं तर आल्या आल्या पिन ओढून टेबलावर पसरलं असतं. पण ही त्याच्या हातची शेवटची घडी. उघडली की संपली. आणि उघडल्याशिवाय तपासणार कशी? म्हणून तू विचारलंस की माझं आपलं एकच, बघू.

मग तुझा परवाना झाला आणि तू जाहीरच केलंस की परवान्यानंतरची पहिली उडी बाबाच्याच छत्रीतून. हट्टी कोणावर गेलीस ते मी सांगायला नको. न बघता हो म्हटलं तर तुझ्या जिवाशी खेळ, आणि न बघता नाही म्हटलं तर लबाडी. मंगळवारी पॅकिंगच्या खोलीचं दार आतून लावलं, पिशवी टेबलावर ठेवली आणि पिन ओढली.

भिंगरे, तुझ्या बाबाने घोळ घालून ठेवला होता. मोठ्या छत्रीला ओढून बाहेर काढते ती चिमुकली छत्री तुला माहीतच आहे. घडी घालताना तिच्या आतली दोरी ओढून तिला तयार ठेवावं लागतं, नाहीतर ती वाऱ्यात नुसती चिंधीसारखी फडफडते आणि मोठी छत्री पिशवीत बसून राहते. हे मला कोणी शिकवलं? त्याने. टेबलावर बोट आपटून आपटून. आणि हा पठ्ठ्या स्वतःच विसरला होता! मी जी घडी एवढी वर्षं जिवापाड जपली ती चक्क चुकलेली होती. आधी मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग हसत सुटले, पोट दुखेपर्यंत, आणि हसता हसता रडायला लागले. एकदाचं मन मोकळं झालं. डोळे पुसले, भिंग काढलं आणि कामाला लागले.

वय झालं म्हणून बाद करणं आणि दिसतं छान म्हणून पास करणं, दोन्ही आळशी माणसाची कामं. राखीव छत्री मात्र वयावरच बाद केली, तिथे मी दयामाया दाखवत नाही. संकटात आपोआप छत्री उघडणाऱ्या यंत्राचीही मुदत संपली होती. दोन्ही नवीन बसवली. मोठ्या छत्रीच्या दोऱ्या घासून आखडल्या होत्या, त्या सगळ्या बदलल्या. पट्टे वाकवून वाकवून बघितले, शिवण टाका न् टाका बघितली, कड्यांवर कुठे गंज नाही. उरलं कापड. ते खिडकीशी धरून उजेडात बघितलं, हुंगलं, मग दोन्हीकडून चिमटे लावून ताणकाट्यावर ओढलं. काटा हवा तिथवर गेला आणि कापडाचा एक धागाही सरकला नाही. पुन्हा दुसऱ्या जागी ओढलं, तिसऱ्या जागी ओढलं. वस्तू खणखणीत होती. मी पास म्हणून सही केली.

आता आमच्या मैदानाचा नियम तुला ठाऊक आहे. जुनं सामान जो पास करतो, त्यानेच त्यातून पहिली उडी मारायची. बाबा गेल्यापासून मी विमानात पाय ठेवला नव्हता, त्यामुळे माझ्या वाटची उडी आपले टकलूकाका मारायचे. मुख्य प्रशिक्षक असून बिचाऱ्यांनी कधी कुरकुर केली नाही. या वेळीही ते हेल्मेट घेऊन हजर. मी म्हटलं, “नवरा माझा, सही माझी, उडीपण माझीच.” त्यांनी हेल्मेट माझ्या हातात दिलं. मग मला नवशिक्यांच्या रांगेत बसवून सगळे धडे परत घोकून घेतले आणि डॉक्टरचा दाखला आणायला पिटाळलं.

काल सकाळी गेले. खोटं कशाला सांगू, विमानाच्या दारात आल्यावर कुठून झक मारली असं झालं होतं. मग उडी घेतली. वाऱ्याचा तो आवाज मी विसरूनच गेले होते गं! छोटी छत्री फेकली, एक हिसका बसला आणि वर बघितलं तर निळी-पिवळी छत्री, भरलेली, ताठ, एक सुरकुती नाही. मी तिथे वर एकटी गळा काढून ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही, मी तुझी आई आहे. खाली दोन पायांवर उतरले, धडपडलेसुद्धा नाही. टकलूकाका धावत आले आणि माझे दोन्ही हात धरून उभे राहिले.

तर निकाल असा. बाबाची छत्री सुरक्षित आहे, मी स्वतःचा जीव टांगून खात्री करून घेतली आहे. पण ती तुला मिळणार नाही. मला हवी आहे. हे फोनवर सांगितलं असतं तर तू लाडीगोडी लावून ती काढून घेतली असतीस, आणि मी दिलीही असती, म्हणून पत्र लिहिलं. रुसायचं असेल तर खुशाल रुस. तुझ्यासाठी तुझ्या मापाचं नवं सामान सांगून ठेवलंय, ते रविवारी मैदानावर तयार असेल. पहाटेच ये. विमानात आपल्या दोघींची जागा धरली आहे, आणि दारातून आधी मी उडी मारणार आहे.

तुझीच, पण छत्रीच्या बाबतीत कोणाचीच नसलेली,
आई