आधी खाणावळीचं देणं

लालबाग, १४ मार्च १९८४

चि. सौ. सखू हिला राधाबाईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या नावावरची कलमं मोहोरली, म्हैस व्याली, वाचून बरं वाटलं. धोंडूऐवजी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. त्याच्या हाताला जरा लागलंय. जेवतो माझ्याकडेच. एक मात्र आधीच सांगते, पत्र पुरतं वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नकोस.

गिरणीच्या संपात त्याने सावकाराकडून उचललेले पैसे व्याजाने असे फुगले की जन्मभर साचे चालवूनही फिटायचे नाहीत. म्हणून वकिलाने हायकोर्टात नादारीचा अर्ज करायला सांगितलं. म्हणजे कोर्टाला सांगायचं, माझ्याकडे द्यायला काही नाही. देणी सगळी लिहून द्यायची, एकही लपवायचं नाही. कोर्टाचा साहेब घरातलं किडूकमिडूक ताब्यात घेतो. कपडे, अंथरूण, चुलीवरची भांडी आणि कामाची हत्यारं तेवढी ठेवतो. चौकशी होते, उलटसुलट विचारतात, मग पुढेमागे माणूस मोकळा होतो. लोक म्हणतात अब्रू जाते. जाऊ दे मेली, तिने कुठे दोन वर्षं जेवू घातलं?

पण तुझा नवरा दीडशहाणा! अर्जाच्या आधी घड्याळ विकून माझी थकलेली खाणावळ चुकती केली. म्हणाला, "राधाबाय, सगळ्यांक बुडवीन, पण खाल्ल्या अन्नाक बुडवूचंय नाय." मीही येडी, घेतले. वकिलाने कपाळावर हात मारला. अर्जाच्या तोंडावर एकालाच पैसे दिले तर कायदा ते परत मागवतो, अन्न घालणारी नि सावकार त्याला सारखेच. मी पैसे कोर्टात भरायला निघणार, तोच दौलतला वास लागला. दौलत म्हणजे सावकाराचा वसुलीवाला.

शुक्रवारी दुपारी पंगत बसली होती. तो दोघांना घेऊन घुसला. "ए म्हातारे, धोंड्याचा माल काढ! कोर्टात हात वर करतो आणि तुला नोटा देतो काय?" भाताचं पातेलं लाथेने उडवलं. जेवणाऱ्या एकाचं डोकं ताटावर आपटलं, भात लाल झाला. धोंडू मध्ये पडला.

"अर्जाचा नाद सोड," दौलत म्हणाला.

"नाय सोडूचंय."

त्यांनी त्याला आडवा पाडला, छातीवर गुडघा दिला आणि उजवा हात माझ्या मसाल्याच्या पाट्यावर दाबून धरला. वरवंटाही माझाच. सखू, त्या पाट्यावर मी परत वाटण वाटलेलं नाही.

मी चुलीवरची उकळती आमटी उचलली आणि दौलतच्या तोंडावर ओतली. तो गुरासारखा ओरडत जिन्यावरून गडगडला. मला काडीचं वाईट वाटलं नाही, अजून हात शिवशिवतात. खालून बोंबलला, "कोर्ट त्याला सोडेल, बायकोला कोण सोडवतो बघतो! गावाला जाऊन तिची जामिनाची सही आणतो!"

चौकीवर तक्रार दिली. पैसे कोर्टात भरले, अर्जही काल दाखल झाला. त्यावर कोर्टाचा हुकूम एकदा मिळाला की मग सावकाराला धोंडूला तुरुंगात टाकता येणार नाही. दौलत कुठला हुकूम मानतोय, म्हणून मी दारामागे कोयता ठेवलाय.

आता नीट ऐक. नादारी धोंडूला सोडवेल, जामीन राहिलेल्याला नाही. तू सही केलीस की कलमं गेली, पोरांच्या तोंडचा घास गेला. ते मागली तारीख घातलेला कागद आणतील, गोड बोलतील. खाली धोंडूची सही दाखवतील, लांब शेपटीची, तुझ्या ओळखीची. विश्वास ठेवू नकोस. संपात तो कधी तुला जामीन धरणाऱ्या कागदावर सही करून बसलेला नाही, मी त्याला देवापुढे विचारलंय. आणि आता करणंही शक्य नाही. डॉक्टरांनी उजव्या हाताची बोटं काढली, सखू. अंगठाही. कोर्टाच्या अर्जावर त्याने डावा अंगठा उठवला आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून रडला.

तुला कळवू नको म्हणाला होता. म्हशीचा चीक पाठवू नकोस, तूच ये.

तू येईपर्यंत त्याला घास भरवणारी,
राधाबाई