पवनचक्की घेऊन जा

कामरगाव,
वैशाख, १९७४

रा. रा. मोहनसिंगभाऊ यांले दौलतसिंगचा रामराम. तुमचा गुडघा आता कसा हाय? वयनीले नमस्कार सांगा. इकडं तुमची बहीण जमनाबाई मजेत, म्हैस मजेत, मले सोडून सारेच मजेत हायेत.

पत्र लिहाचं कारण, तुमी गळ्यात बांधलेली पवनचक्की. डिझेल भेटेना म्हणून मी डोक्याले हात लावून बसलो होतो, तवा तुमी कारंज्याहून आले अन् म्हणाले, "हवा फुकट हाय, दौलतसिंग. तिले ना रांग, ना परमिट." म्यां ऐकलं. (बायकोचा मोठा भाऊ, ऐकाच लागते.) इंजिन हुकूमचंद शेठजीले इकून टाकलं अन् विहिरीवर तो लोखंडी सांगाडा उभा केला.

भाऊ, हवा फुकट हाय हे खरं, पण फुकटच्या गड्यासारखीच ते कामाले येते. सारा चैत संत्र्याची झाडं माना टाकून उभी, अन् वर चाक असं गप, जसं फोटो काढाले बसलं. मोटेच्या बैलाची शेपूट पिळली का तो चालते. (हवेची शेपूट कुठं धराची?) इंजिन खोकलते, धूर ओकते, पण हँडल मारलं का उठते तरी. इजेचे खांब वावराच्या धुऱ्यावर आले हायेत, तारा यायच्या हायेत; त्या आल्या का बटन दाबलं का पाणी, असं साहेब सांगून गेला. हवेचा साहेब कोण? आमी सारे शेजारच्या लालसिंगच्या पोरीच्या लग्नात जेवून राह्यलो होतो, तवा हवा सुटली. हौद भरून पाणी खळ्यात शिरलं अन् उफणलेला गहू भिजला. (जमनाबाईनं त्याचा चीक काढून कुरड्या केल्या. साऱ्या गावानं वानल्या. मले एकही गोड लागली नाई.)

पण खरी गोष्ट परवाची. चाक कुरकुर करे म्हणून मी तेलाची बुधली घेऊन वर चढलो. वारं बिलकुल नव्हतं. बुधली उलटी केली अन् तेवढ्यात वावटळ उठली. चाकामागची जे पत्र्याची शेपूट असते, तिच्यात माह्या धोतराचा सोगा अटकला. वारं जिकडं वळे तिकडं शेपूट वळे, अन् शेपटीमागं मी! खाली खांबाले बांधलेली दोरी सोडून ओढली का चाक थांबते, म्हणून मी वरून बोंबललो, "जमना, दोरी ओढ!" तिले गाठच सुटेना. घाबरून गेली बिचारी. तेवढ्या वेळात अर्धं कामरगाव जमा झालं. हुकूमचंद शेठजी खालून म्हणाले, "दौलतसिंग, इंजिनवर असं कोणी अटकत नाई हो!" माही माय नानीबाई हात जोडून उभी, पण तोंडाले पदर लावून हासून राह्यली होती. शेवटी चाक थांबलं अन् मी खाली आलो. धोतर वरच राह्यलं.

तवा भाऊ, बैलबंडी घेऊन या अन् तुमची चक्की घेऊन जा. मोठ्यांले नमस्कार, लहानांले आशीर्वाद.

तुमचा,
दौलतसिंग

ता. क. येतानी हुकूमचंद शेठजीकडं जरा शब्द टाका. इंजिन वापस देतो म्हणाले तं पाहा. मी गेलो का ते आधी हासतेत, मंग बोलतेत.

ता. क. दुसरा. भाऊ, मी जमना. हे जेवाले बसले अन् कागदावर खाली जागा दिसली, म्हणून लिहून राह्यली. चक्की नेऊ नका. मोट होती तवा बैलामागं मीच चालो. इंजिन आलं तवा डिझेलच्या रांगेत कॅन घेऊन मीच उभी राहो. आता वारं आलं का मी ओट्यावर बसते. अन् दोरीची ते गाठ एका झटक्यात सुटते. पण परवा हौद अर्धाच भरला होता.