तक्ता तिसरा

मंगळवार, ९ फेब्रुवारी

प्रिय छबू,

तू बरी असशील. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या दादाचा गुडघा पायऱ्या सोडून बाकी सगळीकडे चालतो, आणि पायऱ्यांवर तो माझं डोकं खातो. दोन दिवस ऊन छान पडतंय म्हणून खिडकीजवळचं टेबल आवरून तिथे बसलेय. हाताने लिहितेय याचं नवल करू नकोस. कॉम्प्युटरवर लिहिलं की मी खोडत बसते, आणि आज मला काही खोडायचं नाही.

ठकी मजेत आहे. कामात असते.

आधी तुझ्या कामाचं. शोधनिबंध जर्नलच्या नियमांप्रमाणे लावून झाला. ओळींतलं अंतर दुप्पट केलं, चारी बाजूंचे समास सारखे केले, ओळींना क्रमांक घातले. सारांश त्यांच्या मर्यादेपेक्षा बराच लांब होता. तुला फोनवर विचारून तू सांगितलीस तेवढी वाक्यं काढली, माझ्या मनाने एकही नाही. संदर्भसूचीत तू नेहमीसारखा गोंधळ घातला होतास. कुठे वर्ष आधी, कुठे नाव आधी, एका बिचाऱ्याचं आडनावच गायब. सगळं सारखं केलं. तक्ते मजकुरातून काढून शेवटी, प्रत्येक नव्या पानावर घेतले.

परीक्षकांना लेखक कोण ते कळू नये म्हणून बिननावाची वेगळी प्रत लागते, तीही केली. तुझं नाव होतं तिथे 'लेखिका' घातलं. आभारांत 'माझे कुटुंबीय' असे दोन शब्द होते, ते नियमाप्रमाणे काढले. माझं नाव कुठेच नव्हतं, त्यामुळे तेवढं काम वाचलं.

टंकलेखनाच्या वर्गात आमच्या सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, जे टाइप करता ते वाचू नका, वाचलंत की चुका होतात. मी त्यांची लाडकी विद्यार्थिनी. तुझा प्रबंध टाइप केला तेव्हाही मी तो वाचला नव्हता, खरं सांगते. तू ओलं डोकं पुसत जमिनीवर बसून सांगायचीस, ठकी माझ्या मांडीवर, आणि मी तिच्या डोक्यावरून हात नेऊन बटणं दाबायचे. तू 'तळटीप' म्हणालीस की ती खालून 'टीप' म्हणायची. आपण किती हसायचो. तेव्हा या घरात तीन बायका होत्या आणि तुझा दादा म्हणायचा, "मला या घरात बोलायला वेळ कधी मिळणार?"

या वेळी मात्र वाचलं. तक्ते वाचण्यावाचून गत्यंतर नसतं, आकडे तपासावे लागतात. तक्ता तिसरा. शेवटच्या रकान्याचं शीर्षक 'मातेकडून अडवणूक'. त्यातले दशांशचिन्हांचे ठिपके एका रेषेत येत नव्हते. ते एकाखाली एक आणताना माझ्या लक्षात आलं की मी माझेच ठिपके ओळीत लावतेय.

परिशिष्टात नमुन्याचा संवाद आहे. 'बा' म्हणजे बालिका, 'मा' म्हणजे माता.

बा: पाणी.
मा: काय पाणी?
बा: पाणी.
मा: असं नाही. नीट माग. नीट मागितलंस तरच मिळेल.
बा: (शांतता)

खाली तुझं विवेचन. माता बालिकेचं अपुरं बोलणं स्वीकारत नाही, वस्तू रोखून धरते. परिणामी बालिका हळूहळू मागणंच सोडते, आणि हा अबोला पुढे टिकतो. भाषा सुंदर आहे. एक स्वल्पविरामसुद्धा हलवावा लागला नाही.

मी तुला फोन केला तेव्हा तू काय म्हणालीस आठवतंय?

"अगं वहिनी, ती माता म्हणजे तू थोडीच? शास्त्रात माणूस नसतो, नमुना असतो."

मी म्हटलं, "तो पेला माझ्या हातात होता, छबू. निळ्या काठाचा."

"तू फार मनाला लावून घेतेस. कुणाला कळणार आहे?"

कुणाला कळणार आहे ते पुढे लिहिते. आधी तो पेला.

टेपरेकॉर्डर ओट्याजवळच्या टेबलावर असायचा, खाली घडी घातलेला टॉवेल, खरखर येऊ नये म्हणून. पहिले काही महिने ठकी 'पा' म्हणाली की मी पाणी द्यायचे, 'भुर्र' म्हणाली की बाहेर न्यायचे, आणि नुसती बघत राहिली की उचलून घ्यायचे. कुठल्या आईला यापेक्षा जास्त शब्द लागतात? मग एका संध्याकाळी तू कानांवरचे हेडफोन काढून स्वयंपाकघरात आलीस. वैतागली होतीस. तुझे सर तुझ्यावर ओरडले होते, नोंदींमध्ये नुसते तुकडे आहेत म्हणून.

तू म्हणालीस, "वहिनी, तू तिला सगळं न बोलताच देतेस. मग ती बोलेल कशाला? टेपवर काही येतच नाही गं. तिला पुरतं मागायला लाव. मागेपर्यंत देऊ नकोस."

मी म्हटलं, "रडेल ती."

"रडू दे थोडं. रडणंही येतं टेपवर."

तू हसलीस. मीही हसले. तू तेव्हा लहान होतीस, तुझ्या वेण्या मी घातल्या होत्या, तुझा प्रबंध म्हणजे आमच्या घराचं दुसरं मूल होतं. मी तिला मागायला लावलं. तू रोज बटण दाबायचीस, "हं, चालू" म्हणायचीस आणि कोपऱ्यात बसायचीस. ठकी हात पुढे करायची, मग माझ्याकडे बघायची, मग तुझ्याकडे. तिला वाटायचं तू तरी देशील. तू मान खाली घालून लिहीत असायचीस. या बघण्याला टेपवर आवाज नाही. तुझ्या परिशिष्टात त्याला '(शांतता)' म्हणतात.

आणि पद्धतीच्या विभागात, चौथ्या परिच्छेदात, तू लिहिलंयस: 'सर्व संवाद घरातील नैसर्गिक वातावरणात, संशोधिकेच्या कोणत्याही सूचनेविना ध्वनिमुद्रित केले आहेत.'

हेही मी तुला फोनवर वाचून दाखवलं. मला वाटलं, आता रडशील, आणि मग मला तुझी समजूत घालावी लागेल, नेहमीसारखी. पण तू म्हणालीस, "म्हणाले असेन मी तसं. पण आता ते लिहिता येत नाही, वहिनी. लिहिलं तर सगळा नमुनाच बाद होतो. माझं आयुष्य आहे त्यात."

तुझ्या आवाजात नाटक नव्हतं, म्हणून मला जास्त लागलं. तू विसरली असतीस तर मी तुला माफ केलं असतं. विसरणं आपल्या दोघींच्याही वयाला शोभतं.

आता ठकीचं. ती मजेत आहे असं वर लिहिलं, ते सवयीनं. खरं तर मला माहीत नाही. दिवाणखान्यात फोन वाजतो, तुझा दादा उचलतो, बोलतो, हसतो. मी टॉवेलला हात पुसत जवळ जाते, तोवर तो म्हणतो, "बरं, ठेवतो." मग माझ्याकडे न बघता सांगतो, "घाईत होती." आधी ती माझ्याशी थोडंच बोलायची. हो, नाही, बघते, कळवते. तेवढ्यावर माझा आठवडा जायचा. गेल्या पावसाळ्यापासून तेही नाही. मी म्हणायचे, नवी जागा, नवं काम, मुलीला कुठे वेळ असतो. शेजारणीलाही हेच सांगते. ती फार चांगली आहे, पुढे काही विचारत नाही.

तुझ्या फाइलींच्या ढिगात ठकीचं संमतिपत्र सापडलं. ती आता सज्ञान, म्हणून जर्नलला तिची सही लागते. खाली छापील ओळ आहे: 'मी हस्तलिखित वाचले असून माझी हरकत नाही.' तारीख गेल्या पावसाळ्यातली.

म्हणजे तू तिला वाचायला दिलंस. तिने सगळं वाचलं. तक्ता तिसरा, परिशिष्ट, अबोला पुढे टिकतो, सगळं. तिची आत्या, इतकी शिकलेली, इतक्या पुराव्यांनिशी सांगतेय की तुझ्या आईने तुझ्या तोंडातलं बोलणं काढून घेतलं. यावर माझ्या पोरीने माझं का ऐकावं? माझ्याकडे ना तक्ता, ना टेप.

मी धीर करून तिला फोन लावला. उचलला तिने. मी म्हटलं, "ठके, आत्याने लिहिलंय ते..."

ती म्हणाली, "आई, राहू दे. मला राग नाही. उलट बरं वाटलं, कारण कळलं."

मी पुढचं बोलायच्या आत तिने ठेवला. तिला कारण मिळालंय, छबू. खोटं असलं तरी छापील आहे, आणि ती तुझी भाची आहे, छापील गोष्टींवर विश्वास ठेवणारी. मी आता 'आत्यानेच सांगितलं होतं' म्हटलं तर काय वाटेल तिला? म्हातारी आपलं खापर नणंदेच्या माथी फोडतेय. तुझ्या दादालासुद्धा तसंच वाटलं. तो म्हणाला, "जुन्या गोष्टी कशाला उकरतेस?" तो तेव्हा ऑफिसात असायचा. त्याने फक्त टेप आणून दिल्या होत्या.

तर आता असं. सगळ्या फाइली जर्नलच्या पोर्टलवर चढवल्या आहेत. हस्तलिखित, बिननावाची प्रत, तक्ते, संपादकांना पत्र, ठकीचं संमतिपत्र. पोर्टल एका जागी अडलंय. तिथे मातेचं संमतिपत्र मागतात. ते आल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

मी माझ्या मनाने तुझ्या मजकुरातलं एक अक्षर बदललेलं नाही. बदलू शकले असते, तुला कळलंही नसतं. पण जे तुझं आहे ते तूच लिहायचंस. पद्धतीतलं ते वाक्य काढ आणि त्या जागी झालं तसं लिही: कुणी सांगितलं, काय सांगितलं. आणि जर्नलला पाठवण्याआधी ठकीला फोन करून ते वाचून दाखव. तिने तुझ्याकडून ऐकायला हवं. तुझ्यावर तिचा विश्वास आहे, तो तू माझ्या घरात बसून कमावला आहेस.

नमुना बाद होईल, मला कळतं. तुझी निवृत्ती तोंडावर आहे, सत्काराच्या वेळी या लेखाचं नाव घेतलं जाणार आहे, तेही कळतं. छबू, तुझा पहिला निबंध छापून आला तेव्हा मी शेजारीपाजारी अंक दाखवत फिरले होते. तुझं वाईट व्हावं असं मला आजही वाटत नाही. पण तुझं आयुष्य त्यात आहे म्हणतेस, तशी माझी मुलगीही त्यातच आहे.

तब्येतीला जप. रात्री जागू नकोस. तुझा दादा आठवण काढतो.

संमतिपत्र टेबलावर कोरं ठेवलं आहे. खाली आहे ती सही फक्त या पत्राची.

तुझी,
वहिनी