अर्ध्या गुडघ्याची हकिगत

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर, गुडघा टेकायला मला अजून मनाई आहे.) वहिनींचा खोकला थांबला असेल. तुझा गुडघा कसा आहे हे विचारत नाही, कारण ‘उत्तम’ असं धडधडीत खोटं उत्तर येईल.

तर माझं ऑपरेशन. सर्जन आपल्या सलूनचं जुनं गिऱ्हाईक (डोक्यावर कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही, तरी सवयीने येतात). एक्स-रे पाहून म्हणाले, गुडघ्याची आतलीच बाजू झिजली आहे, बाहेरची ठणठणीत आहे, अर्धाच बदलू. हिला पटेना. "उघडणारच आहात तर पूर्ण बदलून टाका ना!" त्यांनी शांतपणे समजावलं, की अर्ध्याला चीर लहान, सांधा धरून ठेवणारे दोर जागच्या जागी, चालणंही लवकर सुरू होतं, मात्र उरलेली बाजू पुढे झिजली तर पुन्हा टेबलावर यावं लागेल. पूर्ण बदललेला सहसा जास्त टिकतो. हिने माझ्याकडे निरखून पाहिलं, "नाहीतरी यांचं काहीच पूर्ण नसतं," म्हणाली आणि होकार दिला.

कमरेखाली बधिर, वर पूर्ण शुद्धीत. मध्ये हिरवा पडदा, पलीकडे करवत आणि हातोडी. घाबरलो की माझी जीभ सुटते, तुला ठाऊकच आहे. हवामान, निवडणुका, केसांतला कोंडा, सगळं झालं. शेवटी पडद्यामागून आवाज आला, "काका, तुमच्या खुर्चीत मी मान हलवत नाही. इथे तुम्ही तोंड हलवू नका."

त्याच संध्याकाळी मला उभं केलं. आता दुकानात पुन्हा कात्री चालवतो. जिना चढतो, उतरताना कठड्याशी सलगी ठेवतो. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर होते ते टॅक्सीवाले पूर्ण गुडघ्याचे. सुरुवातीला माझ्या बरेच मागे होते, हल्ली बागेत मला मागे टाकून जातात आणि वर हात हलवतात. असो. दुखत मुळीच नाही, तेव्हा तूही मनावर घे.

तुझा धाकटा

ता. क. ‘दुखत मुळीच नाही’ हे वहिनींनी फोनवर सांगून लिहून घेतलं आहे. दुखतं. व्यायाम करून घेणाऱ्या बाई गुडघा वाकवतात तेव्हा मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पण आधीचं दुखणं झोपू देत नव्हतं, हे देतं.

आणखी एक ता. क. माझा दुसरा गुडघाही करायचा आहे. दोन खाटांची खोली मिळते आहे, एका खाटेवर मी तुझं नाव घातलं आहे. तुझा अर्धा की पूर्ण, ते सर्जन ठरवतील. रागावू नकोस. पडद्याच्या अलीकडे काय असतं ते मला आता माहीत झालंय, आणि एकट्याने पुन्हा तिथे जायची माझी छाती होत नाही.