दारात थांबलेला रक्तपिपासू

तीर्थरूप काका,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग हल्ली कागदावरच जमतो, पण भाव तोच.) तुमचा खोकला गेला असेल आणि काकूने तुमच्या सिगारेटी कुठे लपवल्यात ते तुम्हाला अजून सापडलं नसेल, अशी आशा करतो. माझं म्हणाल तर बरं चाललंय. दुकानात गिर्‍हाईक येतं, नवा चष्मा लावतं, ‘आता कसं लख्ख दिसतंय’ म्हणतं आणि बाहेर पडताना काचेच्या दारावर आपटतं. मुलगा-सून त्यांच्या गावी मजेत आहेत. ही गेल्यापासून घर शांत असतं, त्याचीही सवय झाली.

पत्राचं कारण असं, की तरुणपणी तुम्ही टीव्हीवर एकदाच रक्तपिपासू झाला होतात, ते प्रकरण आता माझ्या अंगाशी आलं आहे.

झालं काय, की आमच्या गल्लीत एक मंडळ आहे. तुमच्या त्या जीपवाल्या मालिकेचे जुने भाग दर शनिवारी संध्याकाळी लावायचे आणि नंतर चहा पीत त्यावर बोलायचं, एवढंच त्याचं काम. (आठवतेय ना मालिका? दगड फोडत हिंडणारी ती शास्त्रज्ञ बाई, तिचा कुरकुर्‍या ड्रायव्हर, दर भागाला एक गुहा, एक खजिना आणि एक चोर.) मंडळ जमतं सिस्टरच्या घरी. सिस्टर म्हणजे मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, एकट्याच राहतात. सगळं जग त्यांना सिस्टर म्हणतं. मी काहीच म्हणत नाही, ‘अहो’वर भागवतो. त्या वाचायचा चष्मा करायला दुकानात आल्या होत्या, बोलता बोलता मालिकेचा विषय निघाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मीसुद्धा तिचा मोठा चाहता आहे. वास्तविक तुमचा एक भाग सोडला तर मी त्यातलं काही पाहिलं नव्हतं. मग काय, आठवडाभर दुकानाच्या मागच्या खोलीत बसून सगळे भाग संपवले. एका गिर्‍हाइकाला त्या नादात दुसर्‍याचा चष्मा दिला, आणि गंमत म्हणजे त्याला तो आवडला. तर मंडळात मी आहे तो असा. मला त्यात काडीचाही रस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शनिवारी जरा लवकर जाऊन खुर्च्या लावतो आणि सगळे गेल्यावर उचलून ठेवतो, कारण ते कुणीतरी करायलाच हवं.

आमच्याखेरीज मंडळात दोन महत्त्वाचे सभासद आहेत. एक दातांचा डॉक्टर आणि एक कुलूपवाला. दोघे एकमेकांशेजारी बसतात आणि एकमेकांचं काहीही ऐकून घेत नाहीत. तुमचा भाग येईपर्यंत सगळं सुरळीत होतं, कारण त्या मालिकेत भूत निघालं तरी शेवटी चादरीखालून चोरच निघायचा, मग भांडायला जागाच कुठे? तुमच्या भागात मात्र चादरही नाही आणि चोरही नाही. खराखुरा रक्तपिपासू. काळा झगा, सुळे, डोळ्यांखाली खड्डे. (तुम्ही तेव्हा टायफॉइडमधून नुकते उठला होतात, म्हणून रंगवणार्‍याने तुमच्या तोंडाला हातसुद्धा लावला नाही, असं काकू सांगते.) तो त्या शास्त्रज्ञ बाईच्या खोलीशी येतो, दार सताड उघडं, ती दिव्यापाशी पाठमोरी नकाशा बघत बसलेली. आणि तो उंबर्‍यापाशी थांबतो. थांबतो तो थांबतोच. आत बघतो, तोंड अगदी केविलवाणं होतं, आणि पुढच्या दृश्यात सकाळ झालेली, दार रिकामं. तो का थांबला, हे मालिका संपेपर्यंत कुणी सांगत नाही.

यावर आमच्याकडे सलग तीन शनिवार खल चालला. डॉक्टरचं म्हणणं, की तो दातांनी बेजार झाला होता; ते सुळे चुकीच्या दातांवर बसवलेत, असे दात घेऊन माणूस केळं खाऊ शकणार नाही, मान कसली चावतो! कुलूपवाला म्हणाला, दात राहू देत बाजूला, दाराकडे बघा. उघड्या दाराला आतून कडी, बाहेरून कडी आणि वर अडसर, असलं दार जगात कुणी करत नाही. हा सापळा आहे हे त्याने बरोबर ओळखलं. मग सिस्टर बोलल्या. एरवी त्या कमी बोलतात. म्हणाल्या, त्याला आत ये म्हणून कुणी म्हटलंच नाही, म्हणून थांबला बिचारा. एवढं बोलून त्या चहाचं बघायला आत गेल्या. 

आता मला खरी गोष्ट माहीत, काका. तुम्हीच माझ्या लग्नाच्या पंगतीत सगळ्या व्याह्यांना रंगवून सांगितली होतीत. दिव्याचा लोखंडी स्टँड कुणीतरी तुमच्या झग्याच्या टोकावर आणून ठेवला होता. तुम्ही पुढे जायला बघताय, झगा सुटत नाही, मागे वळावं तर दिग्दर्शक खेकसणार, म्हणून तुम्ही आपले उंबर्‍यापाशी उभे, आणि गळ्याशी नाडी आवळत गेल्यामुळे तोंड तसं झालेलं. दिग्दर्शक म्हणाला, वा, हेच ठेवू. पंगतीत लोक हसून हसून आडवे झाले होते. ही गोष्ट मी मंडळात सांगितली असती तर वाद तिथल्या तिथे मिटला असता. नाही सांगितली. 

परिणाम व्हायचा तोच झाला. गेल्या शनिवारी डॉक्टर कुलूपवाल्याला म्हणाला, तुम्हाला कथेतलं काय कळतं. कुलूपवाला म्हणाला, तुमच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तोंड उघडं ठेवावं लागतं म्हणून तुम्हाला वाटतं की सगळे ऐकूनच घेणार. दोघेही उठले. डॉक्टर म्हणाला, यापुढे मी माझ्या दवाखान्यात भाग दाखवीन. कुलूपवाला म्हणाला, मी माझ्या घरी दाखवीन, तेही शनिवारीच. म्हणजे मंडळ मोडलंच म्हणायचं! सिस्टरच्या हातात चहाचा ट्रे होता तो तसाच राहिला. आता मंडळ मोडलं तर माझं काय बिघडतं? काही नाही. शनिवारी संध्याकाळी दुकानात काचा पुसत बसेन. पण ट्रे धरून उभ्या असलेल्या त्यांच्याकडे बघितलं आणि मी ओरडलो, ‘तो माझा सख्खा काका आहे!’

आधी कुणाचा विश्वास बसेना. (डॉक्टर तर माझ्या जबड्याकडे निरखून बघायला लागला.) मग मी पाकिटातला तुमचा-काकूचा फोटो दाखवला. त्यात तुमच्या डोळ्यांखालचे खड्डे अजून तसेच आहेत, ते पाहून सगळ्यांना पटलं. असं ठरलं, की तुम्हाला पुढच्या शनिवारी बोलवायचं, तुम्ही का थांबलात ते तुमच्याच तोंडून ऐकायचं आणि तुम्ही द्याल तो निकाल दोघांनी मान्य करायचा. तोपर्यंत मंडळ कायम.

तरी काका, काहीही करून यावं ही कळकळीची विनंती. उतरवून घ्यायला मी येतो, रिक्षा करून आणतो, पाठ दुखत असेल तर लोडाची व्यवस्था करतो. काकूलाही आणा, तिला सांगा, गादी नवी भरून घेतली आहे.

तुमचा आज्ञाधारक,
चष्मेवाला पुतण्या

ता. क. — मंडळात स्टँडची गोष्ट काढू नका. पाया पडतो. झग्याचं नावही नको. सिस्टर म्हणाल्या तेच खरं, असं सांगा. त्याला कुणी बोलावलं नाही म्हणून तो थांबला. डॉक्टर आणि कुलूपवाला दोघेही हरले की दोघेही गप्प बसतील, असा माझा हिशोब आहे. पंगतीतल्यासारखं रंगात येऊ नका, एका वाक्यात आटपा. आणि येताना तो काळा कोट घालू नका.

ता. क. दुसरा — हे पत्र आधी काकूला वाचायला द्या, तिला लवकर कळेल. मघाशी लिहिलं ते सगळं खरं आहे, पण अर्धंच आहे. गेल्या शनिवारी सगळे गेल्यावर मी खुर्च्या भिंतीशी लावल्या आणि निघालो. उंबर्‍याबाहेर चपला घालत होतो, सिस्टर दारात आली आणि म्हणाली, ‘तिने आत ये म्हटलं असतं, तर तो आला असता का हो?’ काका, मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, ‘काकांना विचारून सांगतो.’ आणि जिना उतरून आलो! तेव्हापासून स्वतःला शिव्या घालतोय. मला ती आवडते. पहिल्यापासून आवडते. जीप गेली खड्ड्यात आणि मंडळही गेलं. रोज ठरवतो की जाऊन सांगावं, आणि रोज काहीतरी आडवं येतं, कधी वय, कधी लोक काय म्हणतील, कधी सून हसेल, कधी दुकानात कोण बसणार. तेव्हा तुम्ही घरातले वडीलधारे म्हणून या आणि माझ्यासाठी तिच्याशी एक शब्द बोला. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधी टपालाने कळवा. आला असता, असंच कळवा.

ता. क. तिसरा — पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. उत्तर नाही कळवलंत तरी चालेल. आज शनिवारही नाही, लावायला खुर्च्याही नाहीत. भर दुपारी दुकान बंद केलंय आणि तिच्याकडे निघालोय. हे चार शब्द दुकानाच्या पायरीवर बसून लिहितोय. स्टँडची गोष्टही तिला मीच सांगणार आहे, हसली तर हसू दे. उठण्याआधी एकदा मागे वळून नीट बघितलं. माझं कुठे काही अडकलेलं नाही.