पूर्वाश्रमीच्या सासूबाईंच्या राहण्याबाबत

मी, खाली सही करणारी, महाविद्यालयात सामाजिक मानववंशशास्त्र शिकवणारी, घटस्फोटित, मूलबाळ नसलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजार शरीराचा आहे, डोक्याचा नाही. हे मुद्दाम नोंदवते, कारण माझा दादा परवाच विचारून गेला, "परक्या म्हातारीला घर? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" आहे, दादा. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. असलाच तर तो तुझा होता.

१. माझे राहते घर मी स्वतःच्या पगारातून घेतले आहे. त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. या घरात माझ्यासोबत माझ्या पूर्वीच्या नवऱ्याची आई राहतात. मीही त्यांना आईच म्हणते. त्यांचा मुलगा माझ्याच विषयाचा प्राध्यापक. त्याने त्यांची सही घेऊन त्यांचे घर विकले, त्यांना आमच्याकडे आणले आणि मग स्वतःच निघून गेला. जाताना, हातात बॅग धरून, मला म्हणाला, "विवाहाची व्याख्या प्रत्येक समाजात वेगळी असते. हे तू तरी समजून घे." पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला आम्ही दोघेही हेच वाक्य सांगत असू. मला ते अजून सांगावे लागते. पुढे त्याने, एका दूरच्या जमातीत म्हाताऱ्या माणसांना कसे सांभाळतात, यावर ग्रंथ लिहिला. ग्रंथ चांगला आहे. तेच खुपते.

२. वकीलबाईंनी विचारले, "लाभार्थीशी नाते काय लिहू?" मी वर्षानुवर्षे फळ्यावर नात्यांच्या आकृत्या काढत आले. दिराची बायको कोण, नवऱ्याची बहीण कोण, मामेभाऊ कोण नि आतेभाऊ कोण, इतके बारीक शब्द असलेली आपली भाषा. पण घटस्फोटानंतरही उरलेल्या सासूसाठी तिच्यात शब्द नाही. वकीलबाईंनी 'आश्रित' सुचवले. मी नको म्हटले. आई शेजारी मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "भाडेकरू लिही. मग कुणाच्या बापाला मला हलवता येणार नाही." वकीलबाईंना हसू आवरेना. शेवटी 'सासू' असे लिहिले आहे. न्यायालयाला खोडायचे असेल तर खुशाल खोडावे.

३. घर आईंच्या नावे पूर्ण मालकीने करावे, असा माझा विचार होता. मसुदाही तसाच झाला होता. सही करण्याआधी मी विचारले, "आई, तुमच्यामागे घर कुणाला द्याल?"
"त्यालाच. पोटचा आहे गं. आणखी कुणाला देऊ?"
मला बरे वाटावे म्हणून खोटे बोलण्याचेही कष्ट त्यांनी घेतले नाहीत. दुसऱ्याची रीत आपल्या मापाने मोजू नका, असे मी विद्यार्थ्यांना सांगते. मसुदा मी फाडला.
आता आईंना या घरात हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राहील. घर विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा बक्षीस देण्याचा हक्क राहणार नाही. त्यांच्या मुलाने इथे मुक्काम करू नये. चहा घ्यावा आणि निघावे. आईंच्या पश्चात घर माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला मिळावे, दादाला नव्हे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.
ही अट काळजीपोटी घातली की रागापोटी, हे मी स्वतःला विचारून पाहिले. राग आधी आला. काळजी मागून आली आणि तिने आवराआवर केली. कायद्याला दोन्ही चालतात, असे वकीलबाई म्हणतात.

४. माझी पुस्तके सार्वजनिक वाचनालयाला द्यावीत, विभागाला नाही. विभागात शिकवल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकातले नातेसंबंधांवरचे प्रकरण मी लिहिले आहे. मुखपृष्ठावर माझ्या पूर्वीच्या नवऱ्याचे एकट्याचे नाव आहे. संशोधनासाठी गावोगावी फिरून केलेली ध्वनिमुद्रणे भाचीने जपावीत. त्यांत बोलणारी माणसे मला ओळखत नव्हती, तरी त्यांनी मला जेवू घातले आणि प्रश्न विचारू दिले. रोजनिश्या जाळाव्यात. त्यांत काही सापडणार नाही. उगाच कुणाचे डोळे दुखायला नकोत.

५. माझ्या शोकसभेत त्याने बोलू नये. उभा राहिलाच, तर भाचीने सभागृहातले दिवे घालवावेत.

६. सही करण्यापूर्वी मी तिसरे कलम आईंना वाचून दाखवले. त्या चिडतील, निदान रडतील, असे वाटले होते.
"तो आला आणि कागद पुढे केला, तर मी सही देईन. आताही देईन," त्या म्हणाल्या. "पण त्या सहीनं घर जाणार नाही, हो ना?"
"नाही जाणार."
"मग बरं केलंस."
यात माझे आभार नाहीत, हे मला कळते. अट कायम ठेवली आहे.

वरील सर्व मजकूर माझा आहे. मी तो पुन्हा वाचला आहे आणि त्यातले काहीही सौम्य करण्याची माझी इच्छा नाही.

सही : (लिहून देणार)

आमच्यासमक्ष सही झाली :
साक्षीदार १ : शेजारच्या दंतवैद्य
साक्षीदार २ : महाविद्यालयाचे निवृत्त ग्रंथपाल

स्थळ : राहत्या घरी, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : १४ मार्च २०१९