ढोल खाली काढायचा कोणी

७ नोव्हेंबर
गणेशची, माझ्या धाकट्या भावाची, तेरवी झाली. पाहुणे दुपारच्या बसने गडचिरोलीला गेले. धाकटा गेला, मोठा राहिला. आई हे एकदाच बोलली.
सोमाजी दारात येऊन उभा राहिला. गावचा ढोल त्याच्याकडे असतो. आमच्या गावात मयत झाली की ढोल खुंटीवर चढतो. त्या घरच्या माणसाने हळद लावून उतरवला तरच वाजतो. बहुतेक तेरवीलाच उतरवतात. मी म्हटले, आज नाही. त्याने कारण विचारले नाही. बरे वाटले.

१० नोव्हें.
धानकापणी. रस्त्यावर खाणीचे ट्रक तसेच. गणेश बाजारात मासळी घेऊन जाताना ट्रकखाली आला, त्याच वळणावर आता ‘सावकाश’ असा फलक लागला. कंपनी म्हणते ट्रक ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो चालक पळून गेला. म्हणजे मारले कोणीच नाही.

१२ नोव्हें.
राऊत आला. कंपनीने गावासाठी नेमलेला माणूस. गोड बोलतो. आपल्या सरकारचा परदेशी सरकारशी करार झाला, इथले लोखंड तिकडे जाणार, रस्ता रुंद होणार. २१ तारखेला तिकडचे पाहुणे गाव बघायला येतात. स्वागताला गावचा ढोल हवा.
“देशाची इज्जत हाय भाऊ.”
“ढोल खुंटीवर आहे.”
“मंग उतरवा ना. तुमच्याच हातात हाय म्हणते.”
या सगळ्या कारभारात माझ्या हातात काही आहे, हे मला राऊतकडून कळले.

१३ नोव्हें.
ठरवले. उतरवणार नाही. आधी पाहुण्यांनी ग्रामसभेत बसावे, ऐकावे, मग बघू.
बी. ए. ला राज्यशास्त्र होते. परराष्ट्र धोरण म्हणजे दिल्लीचे काम, असे शिकलो नि पास झालो. आता वाटते ते या वळणावरून जाते. करार करायला सरकार विमानात बसते, तेव्हा शेजारी कंपनीचे मालक असतात. ज्यांचा रस्ता, ज्यांचे तळे, त्यातला एकही नसतो. बदल करायचा तर इथून. सह्या होण्याआधी करार त्या त्या ग्रामसभेत मराठीत, गोंडीत वाचला जावा. हरकत घ्यायला वेळ मिळावा. आणि ट्रक ठेकेदाराचा असला तरी माल ज्याचा, जबाबदारी त्याची. यात अशक्य असे मला काही दिसत नाही.

१५ नोव्हें.
राऊत सांगून गेला, ढोल राहू द्या, नागपूरहून डीजे आणतो. सोमाजी पारावर बसला होता. म्हणाला, “आना ना. पन डीजेले हळद कुठी लावाव, थे सांगून ठेवा.” सगळे हसले. तेरवीनंतर मीही पहिल्यांदा हसलो. डीजेचे नाव पुन्हा निघाले नाही. सरपंच मात्र घाबरले आहेत. “तू कमी बोलते ना गा, मंग आताच काऊन?”

१६ नोव्हें.
आज वेगळेच झाले. लता, गणेशची बायको. आमच्यात भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, आणि लहान भावाची बायको समोरासमोर बोलत नाहीत. निरोप आईच्या तोंडून. सरपंच मला समजवायला घरी आले होते. मी म्हणत होतो, आम्हाला न विचारता करार केला, हीच तर चूक. तेवढ्यात लता चुलीपासून उठून डोक्यावर पदर घेऊन ओसरीत आली.
“तुमाले कोनी विचारलं नाई म्हनून तुमाले राग. अन् मले कोनी विचारलं? ढोल तं माह्याबी घरासाठी खुंटीवर हाय.”
आई म्हणाली, “अवो, भासरे हायत.”
“दिसून राह्यले मले.”
सरपंच चप्पल शोधू लागले. मी विचारले, तुझे काय म्हणणे? भावाच्या लग्नाला नऊ वर्षे झाली, हा माझा तिला पहिला प्रश्न.
“उतरवू नका. पन सभेत तुमी नाई, मी बोलीन.”

१९ नोव्हें.
लताच्या माहेरचे येऊन गेले. ढोल उतरला तर कंपनी तिला कँटीनमध्ये कामावर घेईल, असा राऊतने त्यांच्याकडे निरोप पाठवलेला. ते तिच्यावर चिडलेले. लता म्हणाली, “कामाले नाई म्हटलंच नाई मी. ढोलाच्या बदल्यात नाई पायजे.” तिला मी किती कमी ओळखत होतो.

२१ नोव्हें.
पाहुणे आले. मुख्य बाई पिकल्या केसांच्या, साध्या. स्वागत ढोलाविनाच झाले. राऊत घामाघूम. आधी ग्रामसभा, असे सांगितले; त्या पारावर बसायला तयार झाल्या. दुभाषी कंपनीचा.
लता खूप वेळ बोलली. वळण सांगितले. करार आम्हाले वाचून काऊन नाई दाखवला, विचारले. शेवटी, “तुमच्या देशात गावातून असे टरक जातेत का?” दुभाष्याने दोन वाक्यांत उरकले: बाई दुःखात आहेत, त्यांना चांगला रस्ता हवा.
माझे इंग्रजी गंजलेले. तरी उठलो. “नो मॅडम. शी सेड मोअर.” मग जमेल तसे, मोडके, पण सगळे सांगितले. साहेब लोक घड्याळ बघत होते. बाईंनी दुभाष्याकडे पाहिले, मग लताकडे. कराराबद्दल काही कबूल केले नाही, परत गेल्यावर विचारीन एवढेच. टरकाच्या प्रश्नावर म्हणाल्या, नाही, आमच्याकडे गावातून जात नाहीत.
दुभाषी कागद चाळू लागला. लता माझ्याकडे बघत होती.
“का म्हनते बाई, भाऊ?”
बाईंचे उत्तर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितले. मग मागच्या बाया एकेक उठून बोलू लागल्या. पाहुण्यांच्या गाड्या निघायला सुरूच होत्या, पण मुख्य बाई बसून राहिल्या. ढोल अजून खुंटीवरच आहे; हळद कधी लावायची, ते लताला विचारीन.